खालून कापलेली बातमी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वर्तमानपत्राच्या डेस्कवर एकवीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सहकाऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. चौदा वर्षं झाली. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण रविवारच्या पुरवणीतली ही जागा तीसुद्धा वाचते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

घटना लहान आहे. कुणी मेलं नाही, कुणाला अटक झाली नाही. जळगावच्या एका दैनिकात एका बातमीतले दोन परिच्छेद छापले गेले नाहीत, एवढंच. रोज कितीतरी परिच्छेद छापले जात नाहीत. मग हे दोनच का आठवावेत?

क्रमाने सांगतो.

माझी थोरली बहीण — आम्ही तिला अक्का म्हणतो — पाचोरा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पाचवी ते सातवीला मराठी शिकवायची. तिचं म्हणणं असं होतं, की पाचवीत येईपर्यंत बहुतेक मुलांना अक्षरं येतात. 'पाणी', 'रस्ता', 'पत्र' ती वाचतात. मग इतिहासाच्या पुस्तकात 'स्वातंत्र्यसंग्रामातील' येतो, भूगोलात 'पर्जन्यछायेच्या' येतो, आणि मूल अडतं. पण अडलेलं दिसत नाही. ते पहिली दोन-तीन अक्षरं वाचतं आणि पुढचं अंदाजाने म्हणून टाकतं. घाईत ऐकणाऱ्याला ते वाचल्यासारखंच वाटतं. असं करत मूल सातवी ओलांडतं, दहावीला बसतं, नापास होतं — आणि घरचे म्हणतात, अभ्यास केला नाही.

यावर तिने एक रीत बसवली होती. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून बोटभर रुंदीची पट्टी करायची. आमच्या भागात लग्नपत्रिका प्रत्येक घरात ढिगाने निघतात. शब्द पट्टीने झाकायचा आणि आधी त्याची शेपटी उघडायची. "लांब शब्दाले शेपटीकडून धरानं," असं ती पोरांना त्यांच्याच बोलीत सांगायची. 'च्या', 'साठी', 'मुळे', 'तील' — ही शेपटी ओळखून बाजूला काढली, की उरलेल्यात एखादा ओळखीचा शब्द सापडतो. मग त्याच्या पुढचा. ही झाली पहिली पायरी. दुसरी — तुकडे पुढून मागे, सावकाश, मोठ्याने. आणि तिसरी — पट्टी खाली ठेवायची, अख्खा शब्द एका दमात म्हणायचा आणि त्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत सांगायचा. तिसरी झाली नाही तर आधीच्या दोन वाया. पट्टी खाली ठेवल्याशिवाय वाचन झालं असं ती मानायचीच नाही.

हे मला इतक्या तपशिलात कसं माहीत? कारण ती रीत आधी माझ्यावर झाली.

धुळ्यापासून दीड तासावरच्या आमच्या गावात मी पाचवीला होतो, अक्का दहावीला. मीही त्या अंदाजाने म्हणणाऱ्यांतलाच. एकदा मास्तरांनी मला धडा वाचायला उभं केलं आणि पुस्तकात नसलेलं एक अख्खं वाक्य मी वाचलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून अक्काने चुलीपाशी बसून, काडेपेटीच्या बाहेरच्या खोक्यातून एकेक तुकडा दाखवत मला वाचायला शिकवलं. दोन उन्हाळे. शाळेत ते खोकं न्यायचं मात्र मी कधी धाडस केलं नाही.

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. उपसंपादक झालो. लांब शब्द दिसला की आजही माझी नजर आधी त्याच्या शेपटीवर जाते. डेस्कवर माझ्याकडे एक स्टीलची पट्टी असायची. प्रुफं वाचताना ती मी ओळीवर धरायचो, शब्द झाकायचो, सरकवायचो. सहकाऱ्यांना वाटायचं, मी कॉलमची उंची मोजतोय. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. ही पहिली लबाडी. लहान होती. पण पुढच्या सगळ्याचं मूळ तीच — हे तेव्हा कळलं असतं तर? जाऊ द्या. क्रमाने.

पाचोऱ्याला आमचे प्रतिनिधी होते हिरामणभाऊ. स्टेशनसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, वर्तमानपत्राची एजन्सी होती, आणि तालुक्यातल्या बातम्या तेच पाठवायचे. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहून फॅक्स करायचे. त्या डिसेंबरात अक्काच्या शाळेत तालुक्याहून एक अधिकारी तपासणीला आले. हिरामणभाऊ त्यांच्यासोबत गेले होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांची बातमी डेस्कवर आली. सात परिच्छेद.

पहिल्या पाचांत असं होतं. अधिकारी सातवीच्या वर्गावर आले. त्यांनी आपल्याच फाइलमधलं एक परिपत्रक काढून एका मुलीच्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. मुलीने दप्तरातून पुठ्ठ्याची पट्टी काढली आणि शब्द झाकून, तुकडे पाडत वाचायला सुरुवात केली. अधिकारी भडकले. सातवीच्या मुलांना सलग वाचता येत नसेल तर शिक्षक पगार कशाचा घेतात, असे खडे बोल त्यांनी सुनावले.

सहाव्या आणि सातव्या परिच्छेदात पुढे काय झालं ते होतं.

बातमी खालून कापतात. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. महत्त्वाचं वर लिहायचं, कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली की डोळे मिटून शेवटून कापता येतं. त्या दिवशी पान तीनवर शेवटच्या क्षणी एक जाहिरात आली. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती साडेसातला सुटायची. मी शेवटचे दोन परिच्छेद कापले. मथळा दिला — 'सातवीतली मुले वाचतात तुकडे पाडून!' उद्गारचिन्ह माझं. बातमीवर नाव कुणाचंच नव्हतं. नुसतं 'प्रतिनिधी'.

शाळा कुणाची, हे मला माहीत होतं. गावाचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

छापलेल्या पाचही परिच्छेदांतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल? कुणी कोर्टात खेचलं असतं तरी एका शब्दावर बोट ठेवता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अक्काचा फोन आला.

"बापू, कोनी लिखं रे हाई?" कुणी लिहिलं, एवढंच तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मग म्हणाली, "हिरामण तर तठेच व्हता. वर्गमा. त्यानी बठ्ठं ऐकं. आन तरी असं लिखं?"

तो तिथेच होता, त्याने सगळं ऐकलं, तरी असं लिहिलं — या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते माझ्याजवळ होतं. मी म्हणालो, "पाचोऱ्याहून आलं तसंच गेलं असणार, अक्का. मी काल सुट्टीवर होतो."

दोन वाक्यं. दोन्ही खोटी. दोन्ही मिळून फार तर चार सेकंद लागले असतील.

 ती म्हणाली, "मंग त्यानंच." आणि फोन ठेवला.

आता यातून काय झालं ते सांगतो. मला जेवढं माहीत आहे तेवढंच.

आठवड्याभरात अक्काला कारणे दाखवा नोटीस आली. सोबत बातमीचं कात्रण जोडलेलं होतं. माझा मथळा, माझं उद्गारचिन्ह. तिने चार पानी खुलासा लिहिला. तो कुणी वाचला की नाही, माहीत नाही. वर्गात पट्टी वापरायची नाही, असं तिला तोंडी सांगितलं गेलं. तिने मुलांकडून पट्ट्या गोळा केल्या, पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा घरी आणला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चौदा वर्षं ती इतरांसारखं शिकवत राहिली. धडा वाचून दाखवायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची. त्या चौदा वर्षांत तिच्या हाताखालून किती मुलं गेली असतील? हिशेब करता येण्यासारखा आहे. मी केलेला नाही.

त्या मुलीचं नाव निकिता. वडील पाचोऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घर बौद्धवाड्यात. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर संविधानाची उद्देशिका म्हणायची, असा शाळेचा नेम होता. सगळी मुलं ती पाठ म्हणायची, एका सुरात. त्या वर्षी अक्काने ठरवलं होतं, की निकिता ती कागदावरून वाचेल. पाठ म्हणायची नाही. वाचेल, प्रत्येक मोठ्या शब्दापाशी थांबेल, आणि जमलेल्या गावाला त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगेल. तिची तयारी नोव्हेंबरापासून चालली होती. वडील त्या सकाळची पाळी बदलून घेणार होते.

बातमी आली आणि गावातल्या पोरांना खेळ मिळाला. "ए तुकडे, काय वाचस?" — निकिता रस्त्याने जाताना हे चालायचं. पेपर तिच्या घरीही कुणीतरी नेऊन दाखवला. सव्वीस जानेवारीला ती झेंड्यापाशी आली नाही. उद्देशिका नेहमीसारखी एका सुरात झाली.

हे अक्काने मला फोनवर सांगितलं. ऐकून मी "अरेरे" म्हणालो. हाच शब्द म्हणालो, हे मला नक्की आठवतं.

आणि हिरामणभाऊ. अक्काने त्यांच्याकडे झेरॉक्सला जाणं बंद केलं. तिच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, शिक्षकांनीही केलं. शाळेतला पेपर बंद झाला. रस्त्यात भेटले तर ती मान वळवायची. "खोटारडा मानूस," असं ती माझ्यासमोर त्यांच्याबद्दल म्हणाली — एकदाच नाही, दर दिवाळीला पाचोऱ्याचा विषय निघाला की. मी फराळाचं ताट पुढे ओढायचो.

भीती अशी होती, की हिरामणभाऊंना सगळं ठाऊक होतं. बातमी छापून आली त्याच दुपारी त्यांनी डेस्कवर फोन केला होता. "भाऊ, खालनं गयं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, जागा नव्हती. ते "बरं" म्हणाले. म्हणजे शेवटचं कापलं गेलं हे त्यांना माहीत होतं, आणि पाठवलेल्या प्रत्येक बातमीची झेरॉक्स ते फाइलला लावून ठेवायचे, हे मला माहीत होतं. दुकानच त्यांचं होतं. एक कागद. तो त्यांनी अक्कापुढे ठेवला की संपलं.

त्यांनी कधीही ठेवला असता. उद्याही. म्हणून अक्का फोनवर "आज पाचोऱ्याले गई व्हती" म्हणाली, की मी पुढचं वाक्य श्वास धरून ऐकायचो. पुढचं वाक्य कांद्याच्या भावाचं असायचं. किंवा गुडघ्याचं. मग मी श्वास सोडायचो — आणि पुन्हा पुढच्या फोनची वाट. भाच्याच्या लग्नाची यादी करताना मी पाचोऱ्याच्या पत्रिका वाटायला स्वतः गेलो, का, तर दुसरं कुणी गेलं तर बोलणं निघेल. हिरामणभाऊंना पत्रिका दिली नाही. नात्यातल्या सगळ्या घरी वाटून त्यांच्या दुकानावरून पाय उचलत निघून गेलो.

एकदा सकाळी पाचोरा स्टेशनवर दोघं एकाच फलाटावर दिसली. अक्का एका टोकाला, जळगावच्या गाडीसाठी. दुसऱ्या टोकाला हिरामणभाऊ, पेपरचे गठ्ठे मोजत. मी अक्काला न्यायला आलो होतो. तिच्यापर्यंत जायला वीस पावलं लागली असती. मी चहाच्या टपरीमागे उभा राहिलो. गाडी येईपर्यंत. ती इकडे-तिकडे बघत मला शोधत होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली धरलेली. गाडी लागल्यावर मी धावत गेलो, उशीर झाला म्हणालो. ती म्हणाली, "घाम पुस आधी."

बावन्नाव्या वर्षी मी टपरीमागे लपलो होतो. कुणापासून?

अक्का या मेमध्ये निवृत्त झाली. शाळेत समारंभ झाला — शाल, श्रीफळ, मुलींचं स्वागतगीत. मानपत्र मी लिहिलं होतं. तिनेच सांगितलं होतं, पेपरवाला भाऊ असताना दुसऱ्याकडून कशाला? मी 'विद्यार्थिप्रिय' लिहिलं, 'अध्यापनकौशल्य' लिहिलं. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण गुरुजींनी 'अध्यापनकौशल्य' घाईत चुकवला आणि पुढे गेले. पहिल्या रांगेत बसलेली अक्का माझ्याकडे वळून हसली. तो विनोद फक्त आमच्या दोघांचा होता. तिच्या शेजारी बसून मीही हसलो.

घरी आल्यावर तिने माळ्यावरून तो पत्र्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत पट्ट्या. चौदा वर्षांपूर्वीच्या लग्नांचे गणपती, कलश, अर्धवट कापलेली नवरा-नवरींची नावं. प्रत्येक पट्टीमागे मुलाचं नाव. "तुनाजोडे ठेव," ती म्हणाली. तुझ्याजवळ ठेव. "आते मी रिटायर शे, कोनी नोटीस नही धाडाव. तू लिख यावर. पेपरमा. तुले माहीत शे ना कसं करतस ते. तुनासारखं कोनले माहीत?"

माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? खरं आहे.

लिहायचं म्हटलं तर ते दोन परिच्छेद लागणार होते. मूळ फॅक्स मी टाकला नव्हता. का टाकला नाही, सांगता येत नाही — घरच्या टेबलाच्या खालच्या खणात, विम्याच्या कागदांखाली तो चौदा वर्षं होता. कुणाच्या हाती लागू नये म्हणून खणाला कुलूप होतं. कुलूप उघडून कागद काढला. फॅक्सचा तो चकचकीत कागद पिवळट पडला होता आणि त्यावर एकही अक्षर उरलेलं नव्हतं. ज्या कागदाला मी इतकी वर्षं भीत होतो तो केव्हाचाच कोरा झाला होता.

म्हणून मी पाचोऱ्याला गेलो. गुरुवारी, सकाळी अकराला.

दुकान तिथेच आहे. आता ऑनलाइन अर्जही भरून देतात. हिरामणभाऊंचे केस पांढरे झालेत, चष्मा आलाय. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या भाऊ, बसा. इतला वरीसमा आज उनात." इतक्या वर्षांत आज आलात. त्यांनी स्टूल पुसून दिलं.

मी गावाचं नाव सांगितलं, शाळा सांगितली, महिना सांगितला. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून जाडजूड फाइल काढली, थुंकी लावून पानं उलटली. "बठ्ठं ठेयेल शे," म्हणाले, सगळं ठेवलेलं आहे. कागद सापडला. निळी शाई झेरॉक्समध्ये काळी झालेली, पण स्पष्ट. यंत्र तापायला वेळ लागत होता. तेवढ्यात, माझ्याकडे न बघता, ते बोलले, "अक्कानी मनाकडे देखणं सोडी दिधं ना, तव्हयच समजनं माले. कोनीतरी मना नाव सांगं."

म्हणजे कुणीतरी आपलं नाव सांगितलंय, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही तिला जाऊन का सांगितलं नाही?

"बहीण तुमनी, पेपर तुमना," हिरामणभाऊ म्हणाले. "मी काय सांगू?"

ते चिडून बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते कामाचं बोलावं तसं बोलले. मग यंत्राचं झाकण उघडून त्यांनी विचारलं, "एक काढू का दोन? एक अक्काले?"

मी खिशातले सुटे पैसे मोजायला घेतले. त्यांनी एकच काढली.

निघताना निकिताचं पुढे काय झालं, हे त्यांना विचारता आलं असतं. तालुक्यातलं सगळं त्यांना ठाऊक असतं. अक्कालाही विचारता आलं असतं, चौदा वर्षांत कधीही. मी विचारलं नाही. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारायचं काम केलं.

आता शेवटची गोष्ट. वर मी सांगितलं, की जाहिरात आली, जागा कमी पडली, म्हणून कापलं. तुम्ही ते मानलंही असेल. आपल्या बाजूची गोष्ट कशी वर घ्यायची हे मला येतं.

जाहिरात आली होती, हे खरं. पण सव्वासातला ती रद्द झाली. पान तीनवर जागा परत मिळाली. दोन परिच्छेद आरामात बसले असते, आणि ते माझ्या टेबलावरच पडलेले होते. उरलेल्या जागेत मी काय टाकलं? हरवलेल्या म्हशीची बातमी. यावल तालुक्यातली. ती त्या दिवसाची नव्हतीच, आठवडाभर पडून होती.

का?

फॅक्स आला तेव्हा तो आधी शेजारच्या सहकाऱ्याने वाचला होता, मोठ्याने, मजा करत. मुलीने पट्टी काढली, तिथे तो थांबला आणि म्हणाला, "सातवीची घोडी! आम्ही नाही बुवा असं कधी वाचलं. तुम्ही वाचलंत का रे?" डेस्क हसला. सगळे एकमेकांकडे बघत होते. माझ्या उजव्या हातात स्टीलची पट्टी होती. मी ती प्रुफाखाली सरकवली आणि हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो असेन.

शेवटचे दोन परिच्छेद छापले गेले असते तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसांनी ते वाचले असते, पट्टीचा उपयोग त्यांना कळला असता, आणि कुणीतरी माझ्या टेबलाकडे बघितलं असतं. मला वाटलेली भीती एवढीच. मी पाचवीतल्या वर्गात परत उभा होतो, आणि या वेळी हसणाऱ्यांत होतो.

यात समजून घेण्यासारखं काही आहे, असं मी म्हणत नाही.

अक्का, रविवारी सकाळी चहा झाल्यावर तू हे वाचशील. चष्मा लावून, बोट ओळीवर ठेवून. त्या दिवशी मी सुट्टीवर नव्हतो. हिरामणभाऊंनी पूर्ण पाठवलं होतं. त्यांच्या बातमीतले सहावा आणि सातवा परिच्छेद, एकही शब्द न बदलता, खाली देत आहे. मुलीचं नाव त्यांनी त्यात लिहिलं नव्हतं. ते मी वर लिहिलं आहे.

"दरम्यान, अधिकारी मोबाइलवर बोलण्यासाठी व्हरांड्यात निघून गेले असता सदर विद्यार्थिनीने वाचन थांबविले नाही. 'अंमलबजावणीसंदर्भातील' हा शब्द तिने पट्टीने शेवटाकडून सुरू करून तुकड्यांत पूर्ण केला. नंतर पट्टी खाली ठेवून तो एका दमात वाचला व 'जे काम ठरलं ते खरोखर करायचं, त्याबद्दलचं' असा अर्थ वर्गास सांगितला. त्यानंतर तिने संपूर्ण परिपत्रक, एकूण अकरा ओळी, पट्टी न वापरता, कोठेही न अडखळता वाचून दाखविले.

"यावेळी वर्गात प्रस्तुत प्रतिनिधीखेरीज बाहेरचे कोणीही हजर नव्हते. वाचन संपल्यावर विद्यार्थिनीने शिक्षिकेस विचारले, 'बाई, साहेबांना ऐकू गेलं का?' त्यावर शिक्षिकेने प्रतिनिधीकडे पाहून तिला सांगितले, 'पेपरात येईल.'"